'तज्ज्ञाकडे जा' म्हणता, पण कोणत्या?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ताणतणावावरचा लेख आला होता. लेखाबद्दल तक्रार नाही, लिहिणाऱ्यांनी लक्षणं नीट सांगितली आहेत. तक्रार आहे ती शेवटच्या ओळीबद्दल. 'त्रास वाढल्यास वेळीच तज्ज्ञ समुपदेशकाची मदत घ्यावी.' ही ओळ आपल्या आणि इतरांच्याही अंकांत इतक्यांदा वाचली आहे, की सिगारेटच्या पाकिटावरच्या इशाऱ्यासारखी ती आता डोळ्यांखालून नुसतीच निघून जाते. समुपदेशक कुठे भेटतो, त्याचं शिक्षण काय असायला हवं, पहिल्या भेटीत त्याला काय विचारावं, आणि दोन-चार भेटींनंतरही तो मानवला नाही तर काय करावं, यातलं काहीच त्या ओळीत नसतं. म्हणून हे पत्र. लांबलं आहे, त्याबद्दल आधीच क्षमस्व.

मी मिरजेत औषधांचं दुकान चालवते. मिरज हे दवाखान्यांचं गाव. इथे मिशनचं हॉस्पिटल एकोणिसाव्या शतकात सुरू झालं, आणि अजूनही अथणी-चिकोडीकडून लोक डबा बांधून उपचारासाठी येतात. हाडांचा डॉक्टर कोणता, डोळ्यांचा कोणता, हे स्टेशनवरचा रिक्षावाला न विचारता सांगतो. मनाच्या त्रासासाठी कोणाकडे जाऊ, असं विचारलं की तोही आरशात बघून गप्प होतो. मग लोक माझ्या काउंटरवर येतात. दुपारची गर्दी ओसरली की शेजारच्या गिऱ्हाइकाची पिशवी भरून होईपर्यंत थांबतात आणि हळूच म्हणतात, "वैनी, जरा झोपंची गोळी द्या की. निम्मीच पट्टी."

निम्मी काय, एकही देता येत नाही. अल्प्राझोलॅम, नायट्राझेपॅम, झोल्पिडेम ही सगळी 'एच-वन' परिशिष्टातली औषधं आहेत. २०१४ च्या मार्चपासून त्यांची वेगळी नोंदवही ठेवावी लागते. त्यात पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव आणि पत्ता, औषध, किती दिलं हे सगळं येतं, आणि ती वही तीन वर्षं जपून ठेवायची असते. मी 'चिठ्ठी आणा' म्हणते. त्यावर "डॉक्टरकडे कशाला, वेड लागलंय व्हय मला?" हे उत्तर ठरलेलं. त्यानंतर जे बोलणं होतं ते खरं बोलणं. मुलगी एमपीएससीच्या अभ्यासाला पुण्यात राहिली, परत आल्यापासून खोलीबाहेर येत नाही. यंत्रमाग विकून टाकले, तेव्हापासून मालक रात्री तीनला उठून अंगणात बसतात. सून बाळंत झाल्यापासून सारखी रडते. मी काही समुपदेशक नाही. पण कोणाकडे पाठवू नये, हे मला आता पक्कं माहीत आहे, आणि ते मी स्वतः पेशंट होऊन शिकले.

२०२१ च्या मे महिन्यात माझे मिस्टर कोविडने गेले. दुकान त्यांचंच, मी डी. फार्म. करून लग्नानंतर त्यात आले होते. मेडिकल अत्यावश्यक सेवेत, त्यामुळे तेराव्यानंतर लगेच शटर वर गेलं. वर्षभर मी उभी राहिले, लोक कौतुक करत होते. मग एके दिवशी रस्त्यावरून ॲम्ब्युलन्स गेली आणि माझ्या छातीत धडधड सुरू झाली, ती थांबेचना. ईसीजी, थायरॉइड, साखर सगळं नॉर्मल. फिजिशियन म्हणाले, मनावर घेऊ नका. झोपेच्या गोळ्यांचं कपाट माझ्या हाताच्या अंतरावर होतं, आणि त्या गोळ्या चार-सहा आठवड्यांत माणसाला कशा धरून ठेवतात हे मी काउंटरच्या या बाजूने पाहिलेलं होतं. तेव्हा ते कपाट नको, माणूस शोधू, असं ठरवलं.

पहिल्या माणसाच्या बोर्डावर नावाखाली चार ओळी होत्या. लाइफ कोच, हिप्नोथेरपिस्ट, करिअर मार्गदर्शक, विवाह समुपदेशक. बाहेरच्या खोलीत पुढाऱ्यांबरोबरचे फोटो. मी बोलायला लागले, पाचेक मिनिटं झाली असतील, आणि मग ते बोलायला लागले. तुम्ही नशीबवान आहात, स्वतःचं दुकान आहे, मुलगी शिकली आहे, पॉझिटिव्ह राहा. माझी हिंमत वाढावी म्हणून त्यांनी दुसऱ्या एका पेशंटची गोष्ट सांगितली. "एक बँकेतल्या मॅडम आहेत, त्यांचेही मिस्टर कोविडमध्येच गेले. घरात सासू अंथरुणाला खिळलेली, मुलगा दहावीत नापास. पण आज बघा." नाव सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. त्या सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या दर महिन्याला माझ्याकडून जातात. खुर्चीत बसल्या बसल्या मला पुढचा आठवडा दिसला. समोर दुसरं कोणीतरी बसलेलं, आणि हे त्यांना एका मेडिकलवाल्या मॅडमची गोष्ट सांगताहेत.

निघताना त्यांनी पॅकेज सांगितलं. दहा भेटींचे पैसे आगाऊ भरले तर दोन भेटी मोफत. मी 'विचार करते' म्हणून उठले.

आता नियमाचं बोलते, कारण नियमांत माझा जन्म गेला आहे. अन्न व औषध प्रशासनाचा फॉर्म २० आणि फॉर्म २१ मधला परवाना भिंतीवर दिसेल असा लावल्याशिवाय मला दुकान उघडता येत नाही. माझं फार्मसी कौन्सिलचं नोंदणी प्रमाणपत्रही तिथेच काचेत आहे, कोणीही वाचावं. 'समुपदेशक' असा बोर्ड लावायला मात्र आज यातलं काहीच लागत नाही. शनिवार-रविवारच्या ऑनलाइन कोर्सचं सर्टिफिकेट घेतलेला माणूस आणि मानसशास्त्रात एम.ए. करून वर्षानुवर्षं काम केलेला माणूस, दोघांचे बोर्ड एकाच पेंटरने रंगवलेले असतात. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट, हा एमबीबीएसनंतर त्या विषयातलं पुढचं शिक्षण घेतलेला डॉक्टर, गोळ्या लिहितो तो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने एम.ए. नंतर दोन वर्षं रुग्णांसोबत देखरेखीखाली काम करून एम. फिल.सारखी पदवी घेतलेली असते, आणि त्याची नोंद भारतीय पुनर्वसन परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, असते. नोंदणी क्रमांक मागता येतो, परिषदेच्या संकेतस्थळावर तपासताही येतो. या दोघांच्या पलीकडे जे समुपदेशक आहेत, त्यांच्यात फार चांगली माणसं आहेत आणि फार घातक माणसंही आहेत. २०२१ च्या संबद्ध व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्यात मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक धरलेले आहेत, पण त्याचा उजेड आमच्या गल्लीतल्या बोर्डापर्यंत अजून पोचलेला नाही. तोवर विचारणं हे गिऱ्हाइकाचंच काम. तुमचं शिक्षण काय, कुठून झालं, असं विचारलं आणि समोरचा चिडला, तर पुढचं काही विचारायची गरज नाही. मला रोज कोणीतरी औषधाची एक्स्पायरी विचारतं, मी चिडत नाही.

गोष्ट सांगणाऱ्या त्या गृहस्थांबद्दल एवढंच, की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या २३ व्या कलमात रुग्णाच्या गोपनीयतेचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. जिवाला धोका असेल, कोर्टाचा आदेश असेल असे थोडेच अपवाद आहेत. 'पेशंटला हिंमत यावी म्हणून' हा त्यात नाही. मोठ्या शहरात एखादी खूण सांगितली तर खपून जाईल. मिरजेत, मालगावात, तासगावात सासू आणि दहावी एवढ्यावर घर सापडतं. लहान गावात राहणाऱ्यांनी समुपदेशक निवडताना तो इतरांबद्दल काय बोलतो याच्याकडे आधी कान द्यावा. आपल्याबद्दल काय बोलतो ते नंतर.

दुसरी सांगलीतली मुलगी. मुलगीच म्हणते, माझ्या लेकीपेक्षा चार वर्षांनी मोठी असेल. आरसीआयचा क्रमांक पावतीवर छापलेला, वागणं अदबशीर, पन्नास मिनिटं म्हणजे पन्नास मिनिटं. तिची पद्धत सीबीटीची. म्हणजे अमेरिकेतल्या ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात मांडलेली, विचार तपासून बघण्याची. तिने मला एक तक्ता दिला होता. काय घडलं, मनात काय विचार आला, किती टक्के खरा वाटला, त्याच्या बाजूने पुरावा काय, विरुद्ध पुरावा काय. ही पद्धत भोंगळ नाही, धडधडीच्या आणि भीतीच्या त्रासावर तिचा चांगला उपयोग होतो. माझ्याच एका भाच्याला लिफ्टची भीती होती, ती याच तक्त्यांनी गेली.

माझं अडलं ते असं. २०२१ च्या एप्रिलमध्ये लोक रेमडेसिवीरसाठी माझ्या दुकानासमोर उभे असायचे. कोणाच्या हातात चिठ्ठी, कोणाच्या हातात नुसता मोबाइल, त्यावर रिपोर्टचा फोटो. आमच्याकडे ते नव्हतंच, वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत थेट हॉस्पिटलांना होत होतं. मी सगळ्यांना 'नाही' म्हणत होते. आणि मग तेच इंजेक्शन मला घरच्या माणसासाठी हवं झालं. माझ्या तक्त्यातल्या 'विचार' या रकान्यात एकच वाक्य यायचं, की मी औषधवाली असून मला औषध मिळवता आलं नाही. 'विरुद्ध पुरावा' हा रकाना मी एका झटक्यात भरायचे. रेमडेसिवीरने जीव वाचतातच असं नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीतून २०२० मध्येच पुढे आलं होतं. ते मी तेव्हाच वाचलेलं, गिऱ्हाइकांना समजावूनही सांगितलेलं. तक्ता बिनचूक भरला जायचा आणि छातीतलं ओझं जागच्या जागी. दिवसभर नोंदवह्या भरणारी बाई मी, तिथेही नोंदवहीच भरत होते.

हे तिला सांगायला मला जड गेलं. इतकी मनापासून काम करणारी मुलगी, तिला काय वाटेल. पण सांगितलं. तिने वाईट वाटून घेतलं नाही. आधी विचारलं, की मग तुम्हाला इथे काय करायला हवं होतं? मी म्हणाले, मला तो महिना सांगायचाय, सलग, कोणी मध्ये बरोबर-चूक न करता. ती म्हणाली, मी पद्धत बदलून बघू शकते, पण शोकाचं काम जास्त केलेले माझ्या ओळखीचे एकजण आहेत. आणि नाव, फोन लिहून दिला. माझ्या दृष्टीने तिची हुशारी त्या चिठ्ठीत होती. आपल्याकडचं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे पाठवायला काय लागतं हे दुकानदाराला विचारा.

आमच्या जाऊबाईंनी मात्र या टप्प्यावर निकाल देऊन टाकला. "दोन ठिकाणी जाऊन आलीस ना? नाही ना उपयोग? आम्हाला कुठे कोणी समुपदेशक लागले." माझ्या काउंटरवरही हेच ऐकू येतं. एका समुपदेशकाकडे गेलो, काही झालं नाही, म्हणजे एक तर समुपदेशनच थोतांड किंवा मीच वाया गेलेली केस. पित्ताची एक गोळी मानवली नाही तर हीच माणसं दुसऱ्या दिवशी येऊन दुसरी मागतात, त्यात त्यांना काही वाटत नाही.

चिठ्ठीतलं नाव पुरुषाचं होतं. मला बाईच हवी होती. तरी फोन केला, कारण ती म्हणाली होती की आधी दहा मिनिटं फोनवर बोलून बघा, पैसे घेत नाहीत. फोनवर मी कागद समोर ठेवून विचारलं. शिक्षण काय? सायकियाट्रिक सोशल वर्क, म्हणजे मनाच्या आजारांच्या क्षेत्रातलं समाजकार्य, आणि बरीच वर्षं सरकारी रुग्णालयात काम. फी किती, ऐनवेळी रद्द केलं तर किती? आकडा सांगितला, आणि म्हणाले की परवडत नसेल तर सांगा, काही जागा मी कमी फीसाठी ठेवतो. लिहून काय ठेवता? थोडक्यात टिपणं, कुलपात. डॉक्टरकडे कधी पाठवाल? वजन उतरायला लागलं, जेवण तुटलं, मरणाचे विचार यायला लागले की लगेच, आणि तेव्हाही मी सोबत असेन. बरं कधी वाटेल? यावर ते म्हणाले, ते आत्ता सांगता येणार नाही, पण चार भेटी झाल्या की आपण दोघं बसून बघू की याचा काही उपयोग होतोय का.

हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं. पहिल्या गृहस्थांनी गॅरंटी दिली होती.

ते बसतात कोल्हापूरला. पहिल्यांदा मी पॅसेंजरने गेले, नंतर बहुतेक वेळा व्हिडिओवर. दुपारी अडीच ते साडेतीन दुकान बंद असतं. मागच्या गोडाऊनमध्ये सलाइनच्या खोक्यांवर बसायचं, ओआरएसच्या डब्याला मोबाइल टेकवायचा. पंखा बंद, कारण त्याची कुरकुर माइकमध्ये जाते. एप्रिल-मेमध्ये पदराने घाम पुसत बोलले आहे. ऑनलाइनला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत, पण लहान गावातल्या माणसाला, आणि त्यातून दुकान सोडून जाता न येणाऱ्या बाईला, ही सोय आहे. अट एकच, की दार लावता येईल अशी जागा हवी. एकत्र कुटुंबात तीच मिळत नाही. माझ्या ओळखीची एक मुलगी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे बसून बोलते.

मी तो महिना सांगितला. दुकानासमोरची रांग सांगितली. मला वाटलं आता म्हणतील, तुमचा काही दोष नव्हता. ते म्हणाले, "त्या रांगेत तुमच्या ओळखीचं कोण होतं?"

हे कोणी विचारलं नव्हतं. मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. होते की! दूधवाला होता, मुलीच्या शाळेतल्या बाई होत्या. त्यातलं कोण वाचलं आणि कोण नाही, हे मला माहीत होतं, कारण त्यानंतर कोणाच्या गोळ्या न्यायला कोण आलं नाही हे माझ्याइतकं कोणाला कळणार? मी नवऱ्यासाठी रडत नव्हते, असं मुळीच नाही. पण त्याच्यामागे ती अख्खी रांग उभी होती, आणि तिच्याबद्दल बोलायला मला घरात, माहेरी, कुठेच जागा नव्हती. पुढचे कितीतरी महिने आम्ही त्याच रांगेबद्दल बोललो. ॲम्ब्युलन्सचा आवाज अजून आवडत नाही, पण आता हातातलं बिल पुरं करते.

सगळं गोड झालं असंही नाही. एकदा ते म्हणाले, दुकान विकायचा विचार कधी केलाय का? मला इतका राग आला की मी उरलेला वेळ हो-नाही एवढंच बोलले. पुढच्या खेपेला सांगून टाकलं, की तुमचा तो प्रश्न मला लागला, ते दुकान म्हणजे ह्यांची राहिलेली एकच गोष्ट आहे. त्यांनी स्पष्टीकरण दिलं नाही. "मी घाई केली. लागलं म्हणजे नक्की काय झालं, ते सांगाल?" एवढंच. लोक विचारतात, माणूस योग्य आहे हे कसं ओळखायचं. माझ्यापुरती खूण हीच, की त्याच्यावर रागावता येतं, ते त्याला सांगता येतं, आणि सांगितल्यावर तो आपल्यालाच दोषी धरत नाही.

नंतर वाचनात आलं, की एडवर्ड बॉर्डिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये याचीच मांडणी केली आहे. उपचार घेणारा आणि देणारा यांच्यात काय साधायचं यावर एकमत हवं, ते कोणत्या वाटेने यावर हवं, आणि दोघांत विश्वासाचं नातं हवं. हे जिथे जुळतं तिथे गुण येण्याची शक्यता जास्त, असं त्यानंतरच्या कितीतरी अभ्यासांत दिसलं आहे, पद्धत कोणतीही असो. सांगलीच्या मुलीवर माझा विश्वास होता, काय साधायचं तेही ठरलं होतं, वाट जुळली नाही. पहिल्या ठिकाणी तिन्हीचा पत्ता नव्हता.

आता काउंटरवरून दिसलेल्या दोन-तीन गोष्टी, ज्या माझ्या स्वतःच्या नाहीत, पण आपल्या वाचकांच्या उपयोगाच्या आहेत. खुणा बदलून सांगते, वर एवढं लिहिल्यावर ते करणं भागच आहे.

एक गिऱ्हाईक एस्सिटॅलोप्रॅम घेत होतं. नैराश्यासाठीचं नेहमीचं औषध, गुण यायलाच दोन ते चार आठवडे लागतात. ते ज्या समुपदेशकाकडे जात होते त्यांनी सांगितलं, गोळ्यांनी मन बधिर होतं, आजपासून बंद करा, माझ्या ध्यानाच्या कोर्सला या. यांनी बंद केल्या. चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट मारल्यासारखं व्हायला लागलं. ही गोळी एकदम सोडल्याची ठरलेली लक्षणं आहेत, ती हळूहळू आणि डॉक्टरच्या सल्ल्यानेच उतरवायची असते. ज्याने गोळी लिहिली नाही तो ती बंद करायला सांगत असेल, तर त्याचं दार पुन्हा चढू नये. याच्या उलटही होतं. सायकियाट्रिस्टने पाच मिनिटांत चिठ्ठी लिहून दिली, बोललेच नाहीत, म्हणून लोक रुसतात. आपल्या देशात लाख लोकांमागे एकही सायकियाट्रिस्ट पुरता येत नाही, त्यांच्याकडे तासभर मिळणार कुठून? गोळ्या त्यांच्याकडून आणि बोलणं दुसऱ्याकडे, असं दोन्ही एका वेळी चालू शकतं. दोघांना एकमेकांबद्दल सांगून ठेवावं म्हणजे झालं.

बावीस वर्षांच्या एका मुलीने समुपदेशकाला प्रेमप्रकरण सांगितलं, त्यांनी संध्याकाळी तिच्या आईला फोन केला. सज्ञान मुलीचं. ती मुलगी आता कोणालाच काही सांगत नाही. आणखी एका मुलाला मुलींबद्दल ओढ वाटत नव्हती, त्याला 'लग्न करून टाक, सगळं ठीक होईल' असा सल्ला मिळाला. समलैंगिकता 'बरी' करण्याचे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कळवलेलं आहे. तो नियम डॉक्टरांना. बोर्डवाल्यांना कोण कळवणार? जात, धर्म, लग्न न करणं, नोकरी सोडणं, यांवर पहिल्याच भेटीत ज्याचं तोंड वाकडं होतं त्याच्याकडे दुसरी भेट घेऊ नये, मग पदव्या कितीही असोत.

पैशांचं. खाजगीत एका भेटीला काहीशे ते दोन-अडीच हजारही लागतात, आणि आठवड्याला एक धरली तर महिन्याचं गणित मध्यमवर्गीयालाही अवघड जातं. मानसिक आजार आणि शारीरिक आजार यांत विम्याने भेद करू नये, असं २०१७ चा कायदा सांगतो. पण बहुतेक पॉलिसी हॉस्पिटलात दाखल झाल्यावरच पैसे देतात, गोडाऊनमधल्या खोक्यावर बसून केलेल्या बोलण्याला नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत, जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो, केसपेपर काढून जाता येतं. मिरजेचं मेडिकल कॉलेज १९६२ पासूनचं, तिथला विभाग मी लोकांना बिनदिक्कत सांगते. तिथे समुपदेशक निवडायला मिळत नाही हे खरं, पण निदान शिकलेला माणूस भेटतो. शिवाय केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा आहे, क्रमांक १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास, मोफत, मराठीतून. मी तो आकडा मार्करने लिहून काउंटरच्या काचेला चिकटवला आहे. दर वेळी तोच माणूस फोनवर येईल असं नाही, त्यामुळे ती आपल्या समुपदेशकाची जागा घेत नाही. पण रात्री दोन वाजता, जेव्हा माझं शटर खाली असतं आणि कोल्हापूरचे गृहस्थही झोपलेले असतात, तेव्हा तिथे फोन उचलला जातो.

शेवटी आपल्यासाठी एक विनंती, जरा स्पष्ट बोलते. ज्या अंकात तो लेख होता, त्याच अंकाच्या छोट्या जाहिरातींत 'प्रेमभंग, गृहक्लेश, वशीकरण, चोवीस तासांत गुण' आणि त्याच्या खाली 'खात्रीशीर समुपदेशन, नैराश्य सात दिवसांत बरे' अशा दोन जाहिराती होत्या. पहिलीला फसणारे फसतील, त्यांना निदान कळतं की हा बाबा आहे. दुसरीच्या वरच्या पानावर आपणच वाचकाला 'समुपदेशकाकडे जा' असं सांगितलेलं आहे. समुपदेशनाची जाहिरात घेताना शिक्षण आणि, असल्यास, नोंदणी क्रमांक मागावा, आणि तो जाहिरातीत छापावा. 'इतक्या दिवसांत बरे' असं लिहिलेली जाहिरात घेऊच नये. आणि लेखाखालची ती ओळ यापुढे छापायचीच असेल तर तिच्या जागी एक लहान चौकट द्या: कोणाला काय म्हणतात, काय विचारायचं, आवडलं नाही तर बदलता येतं, आणि १४४१६.

जागेअभावी कात्री लावावी लागली तर माझी हकिकत कापली तरी चालेल, चौकटीचं तेवढं बघा. आणि नाव छापू नये, दुकान ओळखीचं आहे.

आपली नियमित वाचक,
मिरज